लंगडीला आधी पाणी

फसवलं पुण्याच्या इंजिनिअरनं आणि फसलो मी. हे आधीच लिहितो, कारण पुढचं वाचून तुम्ही मलाच खुळ्यात काढाल. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आजवर दारात उभं केलेलं नाही.

यवतहून केडगावकडं जाताना माझा गोठा आहे. स्वतःच्या हिमतीवर उभा केलेला. गाईंच्या गळ्यातले सेन्सरचे पट्टे एका कंपनीचे, पाण्याच्या कुंड्यांचे वॉल्व्ह दुसरीचे. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही. मधे दुभाषा लागतो. तो म्हणजे 'मिडलवेअर' – एक एवढासा डबा. पुण्याच्या त्या इंजिनिअरकडून भरपूर घासाघीस करून घेतला.

माझे वडील, आबा, डब्याकडं बघून म्हणाले, "मशीन मशिनीसंग बोलंल. जनावरासंग कोन बोलनार?"

"तुम्ही हाय की."

"मी काय जलमभर ऱ्हानार हाय व्हय?"

आबांचं बालपण मेंढरांमागं गेलेलं. कळपातल्या लंगड्याला आधी पाणी, मग बाकीच्यांना, हा त्यांचा नेम. गोठ्यातही ते तसंच करायचे, हातानं. म्हणून ते होते तोवर डबा बंदच ठेवला.

आबा गेले. दहावा उरकल्यावर मी डबा चालू केला. तर लंगडणाऱ्या चंद्री गाईची कुंडी आपोआप आधी भरली, मग बाकीच्या. मी भडकलो. "सगळ्या एकदम भरायचं ठरलं होतं!" असं फोनवर इंजिनिअरला झापलं. तो येतो-येतो करत राहिला. तेवढ्यात चंद्री बरी झाली आणि हरणी लंगडायला लागली... तर आधी हरणीची कुंडी!

"आबाच हायेत," बायको म्हणाली. तिच्यावरही ओरडलो.

शेवटी इंजिनिअर आला. लॅपटॉप जोडला आणि त्याचं तोंडच उतरलं.

"काका, सॉरी. यात प्रोग्रॅम टाकायचाच राहिलाय. नुसता दिवा लागतोय."

"मग वॉल्व्ह कोण उघडतंय?"

"उघडूच शकत नाहीत."

समोर हरणीची कुंडी भरायला लागली. दोघंही बघत राहिलो. पट्ट्याला लंगडणं कळत असेलही, पण ते वॉल्व्हला सांगणार कोण?

"आत्ता टाकतो प्रोग्रॅम. मग सगळ्या एकदम भरतील," तो म्हणाला.

मी त्याचा हात धरला. "डब्याला हात लावायचा न्हाई."

डबा अजून तसाच आहे, रिकामा. कुंड्या कशा भरतात ते आजही कळलेलं नाही. पण रिकामा डबा माझ्या गळ्यात मारल्याचा जाब त्या इंजिनिअरनं द्यायचाच आहे, मी सोडणार नाही.

आणि आबा, तुम्ही पण जाब द्या. जलमभर ऱ्हानार न्हाई म्हणाला होता ना?