माणसं: शून्य

बोईसरच्या कारखान्यांसाठी हवेची व्यवस्था आखायची, हा माझा धंदा. कुठली भिंत फोडून डक्ट न्यायचा, कुठल्या खोलीला किती थंडावा द्यायचा, हे मी ठरवतो. कुणी एसीवाला म्हटलं की माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. एवढा तोरा होता.

घिवली गावची एक मावशी, माझ्या आईची मैत्रीण, तारापूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. तिथलं काम माझ्याकडे आलं आणि मी पाहणीला गेलो. मागच्या बिनखिडकीच्या खोलीत सात-आठ बायका जमिनीवर बसून बाटल्यांना लेबलं लावत होत्या. मला बघून मावशी शेजारणीला म्हणाली, "हा आमचाच पोरगा. आता आमच्या खोलीत पन हवा सोडील."

"सोडतो ना मावशी," मी ऐटीत म्हणालो.

ऑफिसात नकाशा उघडला, तर त्या खोलीवर 'स्टोअर' लिहिलेलं. आमच्या गणितात खोलीत माणसं किती, हे आधी भरावं लागतं, कारण माणसाच्या अंगाची गरमीही धरायची असते. स्टोअरमध्ये माणसं नसतात. मी शून्य भरलं, आणि त्या खोलीच्या वाट्याला थंडावा आलाच नाही. कारखान्याला एक फोन पुरला असता. पण विचारलं की नकाशा बदला, पुन्हा मंजुरी घ्या, आणि मला तर वेळेआधी काम दिल्याची शाबासकी हवी होती. त्या बायकांना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

मे महिन्यात मावशी त्याच खोलीत चक्कर येऊन पडली. जिवावरचं निभावलं, पण नोकरी सुटली. आईने सांगितलं तेव्हा मी "अरेरे" म्हणालो. त्या अरेरेची मला अजून लाज वाटते.

मागच्या ऑक्टोबरात धीर करून घिवलीला गेलो. मावशी किनाऱ्यावर सावलीत बसून वाळवायचे बोंबील निवडत होती. मी खोलीचा विषय काढला, तर तिनेच मला अडवलं.

"तू तरी काय करशील? मालकानंच सोडू दिली नसल हवा."

खरं सांगायला हीच वेळ होती. मी मान हलवली, होकारार्थी.

"किती घामेजलास रे," ती म्हणाली. "हिकडं बस. इथं वारा हाय."

ती उठून उन्हात सरकली आणि मी तिच्या जागेवर बसलो.