दुपारपर्यंतचा केर

पुरात भिसेगावातल्या आमच्या घरात पाणी शिरलं, तेव्हा कशेळ्याच्या एका अनोळखी मावशीने मला आणि मुलींना ठेवून घेतलं. मदतीला आलेले सात जवानही तिच्याकडेच उतरलेले. खाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत ती तांदळाच्या भाकऱ्या थापायची.

सकाळी जवान बोटीवर निघाले. त्यांच्या बुटांचा चिखल बघून मी झाडू उचलला, तर तिने हिसकावलाच.

"पोरं आत्ता भाईर पडली ना गं! लगेच केर काढतात काय? सुखरूप पोचू दे त्यांना."

संध्याकाळी ते परतले, दुप्पट चिखल घेऊन. मावशी खुशीत हसली.

चौथ्या दिवशी आम्ही टेंपोने घरी निघालो. दुपारी पोचल्यावर तिला फोन केला.

"पोचलात? बरं झालं," ती म्हणाली. "आता झाडू घेते."