उतारावर लावलेला ट्रक

दिवाळीनंतरचा पहिला सोमवार: नवी बॅटरी बसवण्याचे कबूल केले, बसवली नाही. जबाबदार, ट्रकमालक. दत्तजयंतीची आदली सकाळ: उतारावर वाहन उभे करण्यास मनाई करावी, हा माझा अर्ज स्वीकारला, वाचला नाही. जबाबदार, सरपंच. संक्रांतीच्या आधीचा गुरुवार: जे होईल असे मी लिहून दिले होते, ते झाले. जबाबदार दोघेही, आणि गल्लीलाही मी सोडत नाही, कारण गल्ली हसत होती.

सोनगीरच्या पुढे, महामार्ग सोडून थोडे आत आमचे गाव आहे. आमची गल्ली वरून उतरत येते आणि आमच्या ओट्यासमोर काटकोनात वळते. वरच्या टोकाला राहणारा ट्रकमालक स्वतःच गाडी चालवतो. केळी भरायला त्याला सकाळीच जळगावकडे निघावे लागते. थंडीत ते जुने डिझेल इंजिन आखडते, आणि अशक्त बॅटरीला ते फिरवता येत नाही. म्हणून तो ट्रक उतारावर लावतो आणि चाकाखाली धोंडा ठेवतो. सकाळी धोंडा काढला की बंद ट्रक स्वतःच्या वजनाने घरंगळतो. वेग आला की तो गिअर टाकतो आणि इंजिन धडधडू लागते. हे पिठाच्या गिरणीपाशी घडते. तिथपर्यंत ट्रक निःशब्द येतो, आणि इंजिन बंद असल्याने ब्रेकला पुरेशी हवा नसते.

खाली ओट्यावर माझी पत्नी बसलेली असे. अर्धांगवायूने तिची उजवी बाजू गेली आहे. कोवळ्या उन्हात बसवून हाताची हालचाल करून घ्या, असे धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितले आहे. ‘उशिरा बसवा’ म्हणणाऱ्यांना कळवतो की, थोड्याच वेळात समोरच्या दुमजली घराची सावली ओट्यावर येते. मी तिची बोटे एकेक करून उघडत असे. कान मात्र गिरणीकडे. इंजिन गरजले की माझा श्वास सुटे.

मी हटकले तेव्हा ट्रकमालक हसला. “आबा, थंडीमा सेल्फ उचलत नही. उतार शे म्हनीसन गाडी चालू व्हस. अक्का घाबरत नही, तुम्हीच घाबरतस.”

पत्नीची जीभ आता जड झाली आहे, तरी तिने टोला हाणलाच: “गाडी तुम्हना अर्जवर थांबस का धोंडावर?”

सगळी गल्ली खदखदली.

त्या गुरुवारी गारठा फार होता. धोंडा लोटल्याचा आवाज आला, मग टायरांखाली खडी चुरडल्याचा. गिरणी मागे पडली. इंजिनाने एक आचका दिला आणि ते गप्प झाले. मी पत्नीच्या बगलेत हात घालून तिला उठवू लागलो. तिचा पाय उचलेना. “बाजूले व्हा, आबा!” ट्रकमालक ओरडत होता. तिला सोडून बाजूला कसे व्हायचे, हे त्याने सांगितले नाही. शेवटी सगळा भार टाकून त्याने स्टिअरिंग वळवले आणि ट्रक शेजारच्या उकिरड्यात रुतला. तिच्या डाव्या हाताची नखे माझ्या मनगटात घुसली होती.

सरपंच आले. उकिरड्याकडे पाहून म्हणाले, “कोनले लागनं का? नही ना? मंग कसाना अर्ज?”

चार जणांनी ट्रक ओढून काढला. दुसऱ्या सकाळी तो पुन्हा उतारावर होता.

तेव्हापासून पत्नी आत, पलंगावर बसते. उघडू लागलेली मूठ पुन्हा आवळत चालली आहे. ती रोज विचारते, “ओटावर कवय?” ओट्यावर कधी, याचे मी उत्तर देऊ शकत नाही, कारण गल्लीतील वाहतुकीचे अधिकार माझ्याकडे नाहीत. ज्यांच्याकडे आहेत त्या सरपंचांनी येत्या ग्रामसभेत, माईक हातात घेऊन, सर्वांसमक्ष सांगावे: दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला ओट्यावर बसवू की नको? ‘विचाराधीन आहे’ हे उत्तर मी स्वीकारणार नाही. ‘हो’ किंवा ‘नाही’, एवढेच बोलावे.