बालाघाटाचा ठिपका

गंगाधर गेल्याचं मला मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये कळलं. 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि पुढं जोडलेले हात. टाकणारा कोण, तर लातूरचा तो प्राध्यापक, ज्यानं गंगाधरचा बालाघाट पुसला होता! महिना उलटला, माझा राग काही उतरत नाही... उतरवायचाही नाही.

गंगाधर आणि मी लोह्याच्या शाळेत मास्तर. इंटरनेटवर एक नकाशा आहे, कुणीही भर घालावी असा. त्यात आमचा बालाघाटाचा डोंगरपट्टा नव्हताच. जिल्ह्याला सरकारी हद्द असते, बालाघाटाला कुठली? मग गंगाधरनं आपली रीत काढली. लोहा-अहमदपूर एसटीत बसायचं आणि शेजारच्याला विचारायचं, "मामा, तुमचं गाव बालाघाटात का?" कुणी म्हणे, "हाव, आमी डोंगरातले." कुणी उखडे, "न्हाई बा, आमी गोदाकाठचे!" लोक सांगतील तशी नकाशावर रेघ वळवायची. वर्षानुवर्षं हाच उद्योग.

प्राध्यापकाकडं त्या नकाशाची देखरेख. त्यानं एका झटक्यात सगळं पुसलं. 'हद्दीला पुरावा नाही. एवढ्या मोठ्या प्रदेशाला मधोमध एक ठिपका पुरे,' असा शेरा मारला. ठिपका पडला नेमका एका ढाब्यावर. बालाघाट बघायला निघालेले लोक ढाब्यापुढं गाड्या लावून डोंगर कुठाय म्हणून विचारू लागले. आम्ही पोट धरून हसलो. गंगाधर हसला नाही. "लोकांनी सांगितलेलं खोटं का रे?" एवढंच म्हणाला. पुन्हा त्यानं नकाशा उघडला नाही... आणि थंडीत हार्ट ॲटॅकनं गेला.

लातूरच्या शोकसभेत अध्यक्ष हाच प्राध्यापक! "गंगाधररावांनी बालाघाट जगाला दाखवला," असं तोंड वर करून बोलला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठलोच. म्हटलं, "साहेब, तुमचं गाव त्या रेघेच्या आत होतं. कुणी घातलं, ठाऊक आहे? तुमच्या मातोश्रींनी. एसटीत गंगाधरला म्हणाल्या, 'आमी पक्के बालाघाटातले. माझं लेकरू लातूरला प्रोफेसर हाय, त्याला इचार.' तुम्ही आईचाच शब्द पुसलात."

त्याची मान खाली गेली, ती वर आलीच नाही. गंगाधरनं हे त्याला कधी ऐकवलं नव्हतं. मी ऐकवलं. खोटं कशाला सांगू, लई बरं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी मी रेघ पुन्हा काढली. आता एसटीत खिडकी रिकामी असली तरी मी तिघांच्या बाकावर मधे बसतो. गंगाधर तसाच बसायचा, दोन्हीकडं विचारता येतं म्हणून. काल डावीकडची मावशी म्हणाली, "हाव, बालाघाटातलीच की." उजवीकडचा म्हणाला, "न्हाई." मी रेघ दोघांच्या गावांच्या मधून नेली.

पुस म्हणावं आता.