गोविंदसिंगचा पंप

अनसिंगात कोणाची वस्तू मोडली की ती उकिरड्यावर जायची आणि उकिरड्यावरून थेट जानरावाच्या घरी. फेकलेल्या वस्तूला 'तुले काहून फेकलं' असं त्यानं कधी विचारलं नाही. फुटक्या कूलरच्या टबात पुदिना, ट्रॅक्टरच्या टायरात वांगी, बंद पडलेल्या टीव्हीच्या खोक्यात झेंडू. एकदा तर या गड्यानं कोणी काढून टाकलेलं संडासाचं भांडं आणून त्यात मिरची लावली! तेव्हा त्याच्या बायकोनं, मनकर्णाबाईनं, साफ सांगितलं, "त्या मिरचीचा ठेचा तुमीच खा." बिचाऱ्यानं तो एकट्यानं खाल्लाही.

तेव्हा मनकर्णाबाई हिंडतीफिरती होती. मागच्या हिवाळ्यात तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि घरभर तरातरा फिरणारी बाई खाटेला खिळली. जानरावानं खाट मागच्या दाराशी ओढली. दारातून बाग दिसायची, आणि तेवढंच आता तिचं जग होतं. कुठं कळी धरली, वालाचा वेल कुठवर चढला, हे ती जड जिभेनं दिवसभर सांगत राहायची. ते सांगण्यासाठीच ती सकाळी डोळे उघडते हे जानरावाला ठाऊक होतं. म्हणून तो त्या बागेला जिवापाड जपत होता.

उन्हं तापली, पानं माना टाकू लागली. तशात गावातल्या गोविंदसिंगच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच्या झुडपात, त्याला गोविंदसिंगचा पाठीवरचा फवारणी पंप पडलेला दिसला. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा लागतो हे आपल्याकडं शेंबडं पोरही जाणतं. जानरावानं तर उभा जन्म लोकांच्या शेतात फवारण्या केलेल्या. त्यानं टाकीत नाक घातलं, वास आला नाही. पाण्यानं खळखळून धुतली, सायकलच्या ट्यूबचा वायसर बसवला आणि झाला खूश. विचारायला गोविंदसिंगचं घर काही लांब नव्हतं. पण सवय नव्हती ना!

बारीक तुषार पानापानांवर बसले तेव्हा मनकर्णाबाई खाटेवरून हसली. आजारपणानंतर पहिल्यांदाच हसली. मग काय, जानराव रोज सकाळी पंप पाठीला लावून हजर.

आठवडा उलटला नाही तोच वालाचे शेंडे पिळवटले, वांग्याची पानं द्रोणासारखी वळली. तणनाशकानं अशी पिळवटलेली कपाशी जानरावानं पाहिली होती. तो तसाच अनवाणी गोविंदसिंगकडं गेला.

"अरे बावा, तणनाशक मारलं होतं त्या पंपानं," गोविंदसिंग कपाळावर हात मारून म्हणाला. "कपाशीले लावाले भेव वाटे, म्हणून त फेकला. मले इचारलं काहून नाई?"

"आता काही उपाय?"

"वाचलं त वाचलं. आपल्या हातात काय हाय?"

जन्मभर मोडकं जोडणारा माणूस, पण पानात उतरलेलं विष त्याला काढता येईना. स्वतःचाच इतका राग त्याला कधी आला नव्हता. सगळं उपटून टाकावं म्हणून तो टायराशी वाकला, तर खाटेवरून हाक आली.

"अवो, उपटू नोका! पानी कमी पडून राह्यलं त्याईले."

खरं सांगायला तो तिच्याकडं वळला. ही बाग आपल्या हातानं मेली हे हिला कसं सांगावं? त्यानं गडवा उचलला आणि पाणी घातलं. दुसऱ्या दिवशीही घातलं. झेंडू काळा पडला, पुदिना बसला, मिरचीची पानं गळाली, आणि तो पाणी घालतच राहिला, कारण ती बघत होती.

मग एका सकाळी मनकर्णाबाई डाव्या हातानं खाटेची पाटी वाजवू लागली. चेहरा फुललेला.

"पाहा, पाहा! वालाले नवा पाला फुटला. म्या म्हणलं नोतं, सुधरते म्हणून?"

जानराव वेलापाशी गेला. पाला नवाच होता. दोऱ्यासारखा बारीक, पिवळा, आणि निघतानाच पिळवटलेला.

"हाव," तो तिच्याकडं पाठ करूनच म्हणाला. "सुधरून राह्यला."