एकाच चुलीवरच्या आठ कंपन्या

मगदूम अण्णांची आणि माझी ओळख एका लग्नाच्या पंगतीत झाली. मी आणि माझा मेहुणा, दोघांनीही मसालेभाताची तारीफ केली. समोर बसलेल्या अण्णांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि विचारलं, "पावणं, एकाच गाडीवरनं आलाय न्हवं?" मी हो म्हटलं. "मग हे एकच मत झालं," म्हणाले आणि भाताला हात न लावता त्यांनी ताक मागितलं.

पुढं कळलं, ते आमच्याच गल्लीत चार घरं सोडून राहतात. मूळचे जयसिंगपूरचे, शिरोली एमआयडीसीत गाड्यांचे लोखंडी भाग ओतणाऱ्या एका फाउंड्रीत ड्राफ्ट्समन म्हणून उभी हयात काढलेली. दोन माणसांचं बोलणं जुळलं की आपल्याला खात्री वाटते. अण्णांना संशयाचा वास यायचा. टीव्हीवरचे दोन तज्ज्ञ एकाच शेअरची शिफारस करू लागले की ते टीव्ही बंद करून गॅलरीत जाऊन बसायचे.

शेअर मात्र त्यांच्याकडे होते, आणि ते निवडायची रीत ड्रॉइंग ऑफिसातली होती. प्रत्येक कंपनीसाठी एक ट्रेसिंग पेपर. दर शनिवारी त्यावर आठवड्याच्या भावाचा ठिपका. मग एकावर एक दोन कागद ठेवून खिडकीच्या काचेला लावायचे आणि उजेडात बघायचे. दोन रेघा बरोबरीनं चढताना-उतरताना दिसल्या की त्यातली एक कंपनी बाद. "एका बैलाची दोन शिंगं मोजून दोन बैल हाईत म्हणू नये," असं त्यांचं सांगणं.

मी भूगोलाचा मास्तर. मुलगी सायली तेव्हा दहावीत होती आणि तिला आर्किटेक्ट व्हायचं होतं. तिच्या शिक्षणाचे म्हणून साठवलेले पैसे मी स्टाफरूममधल्या चर्चेवर विसंबून आठ कंपन्यांत घातले होते. एक बुडाली तरी सात तारतील, हे माझं अर्थशास्त्र. अण्णांना हे मीच एकदा छाती फुगवून सांगितलं. त्यांनी आठही नावं लिहून घेतली.

महिन्याभरानं ते, जुन्या पेपरांतून मागचे भाव उतरवून काढलेले, आठ कागद घेऊन घरी आले. बायकोनं चहा ठेवला तर नको म्हणाले. चहा घेतला की माणूस मिंधा होतो आणि गोड बोलू लागतो, असं त्यांचं मत. खिडकीला कागद लावले. आठ रेघा जणू एकाच हातानं काढलेल्या. टायर, बेअरिंग, बॅटरी, ट्रकला कर्ज देणारी कंपनी, सगळ्यांचं नाक एकाच आठवड्यात खाली.

"सर, ही सगळी एकाच चुलीवर जेवत्यात," अण्णा म्हणाले. "गाड्या खपल्या न्हाईत तर आठीबी उपाशी."

ते गेल्यावर बायको म्हणाली, की हा माणूस फुकट एवढा खटाटोप करतोय म्हणजे भाच्याबिच्याची पॉलिसी खपवायची असणार. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. म्हणून पुढच्या वेळी ते आले तेव्हा खडा टाकायला मी त्यांना विचारलं, मग कुठले शेअर घेऊ? "नाव सांगितलं की तुमचा संशय खरा व्हईल," अण्णा म्हणाले, आणि कोऱ्या ट्रेसिंग पेपरची गुंडाळी माझ्या हातात ठेवून निघून गेले.

मग माझे रविवार काचेपाशी जाऊ लागले. नकाशे काढून आयुष्य गेलं, तरी माझे ठिपके पाहून सायली हसायची. शेवटी आठातल्या सहा विकल्या. एक औषधाची घेतली, एक साबणाची. उरलेले बँकेत ठेवीत टाकले. तेही अण्णांच्याच एका बोलण्यावरून: "माणसं घाबरली की सगळी एकाच दारातनं पळत्यात. तवा रेघा बघून उपेग न्हाई. थोडं बाजाराच्या भाईर असूं दे."

सायली बारावीला असताना गाड्यांचा बाजार बसला. राहिलेल्या दोन कंपन्या निम्म्यावर आल्या. बाकीचं जागेवर होतं. तिची पहिल्या वर्षाची फी भरली आणि मी पेढे घेऊन अण्णांकडे गेलो.

घर गप्प होतं. मुलगा सुरेश दिवसाढवळ्या घरात. तो त्याच फाउंड्रीत सुपरवायझर, सून तिथंच स्टोअर्समध्ये, माडीवरचा भाडेकरू तिथलाच मोल्डर. कामं आटल्यावर दोघांना घरी बसवलं होतं आणि भाडेकरू खोली सोडून गावी गेला होता. सगळ्यांना तिथं चिकटवलं होतं अण्णांनीच.

हातातला पेढा अण्णांनी परत पुड्यात ठेवला. "दुनियेवर संशय घेतला सर," म्हणाले, "फॅक्टरीवर न्हाई घेतला. तिचं मीठ खाल्लं हुतं."

दोन महिन्यांनी त्यांनी जयसिंगपूरला परतायचं ठरवलं. सुरेशला तिथं पशुखाद्याचं दुकान काढून देणार होते. गाड्या खपोत न खपोत, म्हैस खायची थांबत नाही, हा हिशेब मला पटला. पण सामानाचा टेम्पो भरताना ते सहज बोलून गेले, की शेअर झाडून सगळे विकले, ठेवही मोडली. माझ्यातला नवा शहाणा गप्प बसेना. म्हटलं, अण्णा, सगळं एका दुकानात? तुम्ही?

"व्हय," ते म्हणाले. "पोरगं एकच हाय की."

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. टेम्पोवाल्यानं बांधलेल्या दोरीची गाठ तेवढी पुन्हा एकदा ओढून बघितली.