भीमाबाईंची गाडी डावीकडे का झुकते

भीमाबाई करंजा बंदरावरच्या कोळीण. पनवेलला आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर एक दिवसाआड सकाळी त्यांची काळी, उंच एसयूव्ही येऊन उभी राहते. फाटकाच्या बाजूचं मागचं डावं दार उघडलं की दुकान सुरू. मागच्या सीटचा डावा भाग काढून टाकलेला आहे. तिथे बर्फात रचलेली पापलेटं, सुरमई, हलवा. उजव्या भागावर भीमाबाई स्वतः मांडी घालून बसलेल्या, पुढ्यात लाकडी ठोकळा आणि कोयता. गिऱ्हाइकाला वाकावं लागत नाही आणि गुडघे गेलेल्या भीमाबाईंना जमिनीवर बसावं लागत नाही.

गाडी घेतली ती त्यांच्या यजमानांनी, कमळाकरांनी. सरकारने घेतलेल्या जमिनीचे पैसे आले तेव्हा गावात दारोदार गाड्या आल्या, तशीच हीही.

"हलदीला, लग्नाला मिरवाया घेतली," भीमाबाईंनी मला एकदा सांगितलं. "माशाचा वास लागंल म्हणून मना टोपली घेऊन बसू देत नसत."

कमळाकर गेल्यावर गाडी अंगणात ताडपत्रीखाली पडून होती आणि भीमाबाई इतर बायकांबरोबर भाड्याच्या टेंपोतून यायच्या. टेंपो सुटेल तेव्हा निघायचं, तो परतेल तेव्हा माल उरलेला असला तरी उठायचं. लिलावात चांगली मासळी हातची जायची, कारण टेंपोवाला भोंगा वाजवत असायचा. एक दिवस त्यांनी ताडपत्री काढली, पाना घेतला आणि अर्धी सीट सोडवून ओट्यावर ठेवली.

"कमळाकर असते तर काय म्हणाले असते?" मी विचारलं.

"बोलले असते ना. दोन दिस. मंग बर्फ उचलाया आले असते."

शाळेत आमच्या नन्सनी बजावलं होतं की दुसऱ्याच्या खासगी गोष्टी विचारू नयेत. बाकी त्यांचं सगळं मी पाळलं.

गेल्या वर्षभरात ही गाडी मागून डावीकडे बसायला लागली. आधी थोडी, मग इतकी की आमच्या वरच्या मजल्यावरचे हितेश येता-जाता म्हणायचे, "मावशी, गाडी मुजरा कोणाला करते?"

"तुलाच. उधारी फेडशील म्हणून," भीमाबाई मासा न सोडता म्हणायच्या.

पण मनातून त्या धास्तावल्या होत्या. मागचा डावा शॉकॲब्सॉर्बर बदलला, काही महिन्यांत तो गेला. पुन्हा बदलला, पुन्हा गेला. स्प्रिंगचे पाटे काढून बसवले, तरी गाडी झुकलेलीच. खड्ड्यातून जाताना मागून असा आवाज येई की रस्त्यावरची माणसं वळून बघत. शेवटी गॅरेजवाल्या यासीननी सांगितलं की आता एकेक भाग बदलून भागणार नाही, चारही चाकांचं सस्पेन्शन नवं करावं लागेल, कदाचित खालची चौकटही सरळ करावी लागेल. तो खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या जवळपास जात होता.

भीमाबाईंचा मुलगा प्रितेश द्रोणागिरीला गोदामात दुपारपाळीला असतो आणि सकाळी आईची गाडी चालवतो. त्यानं हिशेब लगेच केला. शिरढोणचा एक माणूस गाडी आहे तशी घ्यायला तयार होता. रविवारी पैसे घेऊन येणार होता.

"आये, तू टेंपोनी जा ना पयल्यासारखी. बाकीच्या जातातच," तो माझ्यासमोरच म्हणाला.

"टेंपोत ठोकला कुठं ठेवू? तुज्या डोक्यावर?"

"मंग घरी बस. मी कमावतो ना."

भीमाबाईंच्या हातून सुरमईचे तुकडे त्या दिवशी नेहमीपेक्षा जाड पडले.

मला गाडीतलं काही कळत नाही. पण एकच कोपरा पुन्हा पुन्हा का जातो, हे डोक्यातून जाईना. मी भीमाबाईंना विचारलं, "मी एकदा तुमच्याबरोबर करंजाहून येऊ का? माल कसा भरता ते बघायचंय."

"या की. पर चांगली साडी नेसू नका."

शुक्रवारी पहाटे प्रितेश मला न्यायला आला. धक्क्यावर लिलाव आटोपला, आणि सगळा बर्फ, सगळे क्रेट एकामागून एक डाव्या दाराने आत गेले. उजवीकडे फक्त भीमाबाई. मी पुढे बसले होते. पनवेलला येईपर्यंत मी दाराला टेकले नव्हते, दारच मला टेकलं होतं. फाटकाशी उतरल्यावर पाहिलं तर गाडीच्या पोटातून, मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला, पाण्याची बारीक धार लागलेली.

"ते बर्फाचं पाणी," प्रितेश म्हणाला. "आत साचायचं म्हणून मीच भोक पाडलंय."

"यासीनना हे माहीत आहे?"

"त्याला काय सांगायचं त्यात?"

"त्यांनी गाडी अशी भरलेली कधी पाहिली आहे का?"

भीमाबाईंनी कोयता खाली ठेवला. "अशी? अशी गाडी कुनाच्या दारात न्यायची का ताई?"

मग हळूहळू कळलं. गॅरेजला जायचं म्हणजे आदल्या दिवशी भीमाबाई गाडी आतून बाहेरून साबणानं धुवायच्या. ओट्यावरची सीट परत बसवायच्या. भोकाला बूच. कापूर जाळायच्या, वर उदबत्ती. कोळणीच्या गाडीला वास येतो असं कुणी म्हणू नये, म्हणून. दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसताना नाकाला लागलेले रुमाल त्यांनी आयुष्यभर पाहिले होते.

"म्हणजे डॉक्टरकडे जाताना ताप उतरवून जाता," मी म्हटलं.

त्यांना हसू आलं, पण उठल्या नाहीत. "सगली बगतील तिथं."

"बघू देत. नाहीतर रविवारी गाडी जाईल."

त्यांनी समोरची पापलेटं बर्फाखाली सारली. मग प्रितेशला म्हणाल्या, "दार लाव. आदी यासीनकडं चल." फाटकाशी गिऱ्हाइकं ताटकळत राहिली.

यासीन कोकणी मुसलमान घरातले, बोलणं मऊ. गाडी दारात शिरली तशी त्यांनी हातातलं काम टाकलं. मागचं दार उघडलं, मग खाली वाकले, आणि मानेवर पडलेला पाण्याचा थेंब बोटानं पुसून चाखला.

"तौबा. हे तर मिठाचं पाणी आहे."

"मासली जास्त गार ऱ्हावी म्हणून आमी मीठ मारतो बर्फावर," भीमाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या.

"मावशी, हे पाणी थेट शॉकॲब्सॉर्बरच्या बोल्टवर आणि पाट्यांच्या टोकावर पडतंय. मी गंज बघितला होता. म्हटलं करंजाची गाडी, खारा वारा, होणारच. आणि एवढं वजन एकाच बाजूला? तुम्ही तर हिला माझ्याकडे लग्नाला आल्यासारखी सजवून आणता. मला वाटलं दोन-चार टोपल्या नेत असाल."

"वास येतोय ना?" भीमाबाईंनी विचारलं.

"येतोय की. आज आमच्या घरी काय न्यायचं तेच ठरवतोय."

गॅरेजमधली माणसं हसली. भीमाबाईही हसल्या, पण पदर तोंडाशी धरून.

नवा हिशेब पहिल्यासारखा नव्हता. मागच्या डाव्या बाजूचे पाटे, बोल्ट, शॉकॲब्सॉर्बर हे बदलावेच लागणार होते, खालचा गंजलेला भाग कापून जोडावा लागणार होता. म्हणजे खर्च होताच, पण बाकीची तीन चाकं आणि चौकट वाचली. मात्र यासीननी एक अट घातली. भोक बंद करून पाणी नळीनं मागे बाहेर काढायचं, बर्फ मधोमध ठेवायचा आणि विक्री मागच्या दाराने करायची. "डावीकडेच भरणार असाल तर मी हात लावणार नाही. वर्षभरात परत शिव्या मलाच."

"मागं बसू? रस्त्याकडं तोंड करून?" भीमाबाई म्हणाल्या. "फाटकातनं गिऱ्हाईक येतंय ते दिसणार कसं?"

"ते तुम्ही आणि तुमच्या ताई बघा."

त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. डाव्या दारावर हात ठेवला, काढला. मग प्रितेशला म्हणाल्या, "शिरढोनला फोन लाव. सांग, इकायची नाय."

"आये, परत बिघडली तर?"

"तवा बगू. तुज्या बापाला दोन दिस बोलून झालं असतं, तू वरीसभर बोलतोस."

प्रितेशनं फोन लावला. यासीनच्या घरी त्या दिवशी दोन पापलेटं गेली, पैसे घ्यायला भीमाबाई तयार नव्हत्या, आणि फुकट घ्यायला यासीन तयार नव्हते. कोण जिंकलं ते मला विचारूनही कळलं नाही.

आता गाडी फाटकाशी सरळ उभी राहते. भीमाबाई मागच्या उघड्या दारात पाय खाली सोडून बसतात. पाठीशी बर्फ, समोर रस्ता, आणि फाटक पूर्ण पाठीमागे. मी पिशवी घेऊन गेले की मासळीचा भाव सांगायच्या आधीच त्या विचारतात, "ताई, आत टॅक्सी गेली ती कुनाकडं गेली?"

मी दोन पावलं बाजूला सरते, फाटकातून आत डोकावते आणि सांगते.